बरोबरीच्या गटातील पुढारपण
जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील विकासकार्याच्या अनुषंगाने

शासकीय कार्यालयातील कामाची रचना उतरंडीची असते. वरच्या पायरीवरून आदेश निघतो, खालच्या पायरीवर त्याची अंमलबजावणी होते आणि काम न झाल्यास जाब कोणाला विचारावयाचा हे आधीच ठरलेले असते. गावाच्या वेशीच्या आत पाऊल टाकले की मात्र ही उतरंड संपते. ग्रामसभा, महिलांचा बचत गट, वनहक्क समिती, आरोग्य व पाणीपुरवठ्याची ग्रामसमिती या सर्व ठिकाणी एकत्र बसणारी माणसे एकमेकांची वरिष्ठ अथवा कनिष्ठ नसतात. तेथे कोणी कोणाची बदली करू शकत नाही, कोणाची वेतनवाढ रोखू शकत नाही, की कोणाला कारणे दाखविण्याची नोटीस देऊ शकत नाही. तरीही काम वेळेवर आणि चांगले व्हावे, ही अपेक्षा कायम असते. अशा बरोबरीच्या गटात नेतृत्वाला काही स्थान आहे काय आणि असल्यास त्याचा कामाच्या फलितावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यवस्थापनशास्त्राचा राहत नाही. तो ग्रामविकासाचाही प्रश्न ठरतो.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी आदी जमातींचे येथील लोकसंख्येतील प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. वस्ती डोंगरउतारावरील पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. पावसाळ्यात भात, नागली आणि वरी पिकते. पण पाऊस संपल्यावर पाणीही आटते आणि हाताला कामही उरत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी संपूर्ण महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून या भागासाठी अनेक योजना आखण्यात आल्या. परंतु योजना मंत्रालयातून निघाली, जिल्हा परिषदेतून पुढे आली आणि पंचायत समितीत नोंदली गेली, तरी तिचा शेवटचा टप्पा राहतोच. पाड्यावरील तो टप्पा बरोबरीच्या दर्जाच्या चार-दहा माणसांच्या हातून पार पडतो. त्या चार-दहा जणांचे जमले तर योजना घरापर्यंत पोहोचते, न जमले तर ती कागदावर राहते.

परंपरेतील कामापुरते पुढारपण

बरोबरीच्या माणसांनी मिळून काम करणे येथील समाजाला नवीन नाही. वारली समाजातील विवाहविधी धवलेरी पार पाडते. ती स्त्री असते आणि तिच्या गीतांवाचून विवाह पूर्ण होत नाही. विवाहाच्या वेळी मांडवातील सर्वजण तिचा शब्द मानतात. विवाह आटोपला की ती पुन्हा इतर बायांबरोबर शेतावर राबू लागते. बाळंतपणाच्या वेळी सुईणीचे, देवकार्यात भगताचे असेच असते. तारपा नृत्यात तारपकरी सूर बदलतो आणि हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी आपली चाल बदलते. त्या वेळी तारपकरी सर्वांचा पुढारी असतो, पण नाच थांबल्यावर त्याचा कोणावर अधिकार चालत नाही.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. पुढारपण माणसाला चिकटलेले नसून कामाला जोडलेले आहे. ज्याला जे येते त्याने त्या कामापुरते पुढे व्हावे, इतरांनी त्या कामापुरते त्याचे ऐकावे आणि काम संपताच सर्वांनी पुन्हा एका पंक्तीत बसावे, अशी ही रीत आहे. अर्थात परंपरेतील सर्वच गोष्टी समतेच्या होत्या असे मानणे योग्य होणार नाही. जमातीच्या न्यायनिवाड्यात वडीलधाऱ्या पुरुषांचा वरचष्मा असे आणि स्त्रियांना तेथे क्वचितच बोलावयास मिळे. तरीही नव्या संस्था उभारताना कामापुरत्या पुढारपणाची ही जाण पायाभूत ठरू शकते.

कायद्याने दिलेली बरोबरी

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतराज संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. त्यातील तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा १९९६ साली संसदेने संमत केला. सर्वत्र 'पेसा' या नावाने ओळखला जाणारा हाच तो कायदा होय. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. आपल्या रूढी-परंपरांनुसार स्वतःचा कारभार पाहणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव, अशी व्याख्या या कायद्याने केली आहे. त्यामुळे एखादा पाडाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. या ग्रामसभेत प्रत्येक मतदाराचे स्थान सारखेच आहे.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याखालील नियमांप्रमाणे वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य असतात आणि त्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. या कायद्याखालील ग्रामसभेसाठी निम्म्या सदस्यांची उपस्थिती आवश्यक असून उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यास महाराष्ट्रात २०१५ साली सुरुवात झाली. या निधीतून कोणती कामे घ्यावयाची हे ग्रामसभेने ठरवावे, असे त्यात अभिप्रेत आहे.

अशा रीतीने कायद्याने पाड्यावरील माणसाला बरोबरीचा दर्जा दिला, निर्णयाचा अधिकार दिला आणि काही प्रमाणात पैसाही दिला. मात्र सभा कोणी बोलवावी, बोलण्याची पाळी कशी लागावी, झालेल्या ठरावाचा पाठपुरावा कोणी करावा या बाबी केवळ कायद्याच्या कलमांनी साध्य होत नाहीत. तेथे नेतृत्वाचा प्रश्न उभा राहतो.

अभ्यासकांचे अनुभव

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास बऱ्याच पूर्वी सुरू झाला. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या संशोधकांनी १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सुमारे दहा वर्षांच्या मुलांची छोटी छोटी मंडळे स्थापन केली. मुखवटे तयार करणे हे या मंडळांना दिलेल्या कामांपैकी एक होते. बोहाड्याच्या मुखवट्यांशी परिचय असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या वाचकांना ही गोष्ट मनोरंजक वाटेल. काही मंडळांवर हुकूम सोडणारा प्रमुख नेमण्यात आला, काहींवर मुलांशी विचारविनिमय करून काम ठरविणारा प्रमुख होता, तर काहींवरील प्रमुखाने मुलांना पूर्णपणे त्यांच्या मनावर सोडून दिले.

या प्रयोगाचे निष्कर्ष विचार करण्याजोगे आहेत. हुकूम देणारा प्रमुख समोर असताना त्याच्या मंडळातील मुले भरपूर काम करीत. तो खोलीबाहेर गेला की काम मंदावे. विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळात प्रमुख बाहेर गेला तरी काम जवळजवळ पूर्ववत चालू राही आणि त्या कामात मुलांची स्वतःची कल्पकताही अधिक दिसे. ज्या मंडळातील प्रमुखाने काहीच केले नाही, तेथे काम सर्वांत कमी झाले आणि त्याचा दर्जाही खालचा राहिला. म्हणजे हुकूमशाही नसणे आणि नेतृत्व नसणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

हाच मुद्दा जो फ्रीमन या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० नंतरच्या काळात वेगळ्या बाजूने मांडला. आपल्या मंडळात कोणीही नेता नाही असे अभिमानाने सांगणाऱ्या स्त्रियांच्या गटांचे निरीक्षण करून त्यांनी दाखवून दिले की नेता नाही असे जाहीर केल्याने नेतृत्व नाहीसे होत नाही, ते केवळ दृष्टीआड होते. जुनी ओळख, शिक्षण किंवा फावला वेळ ज्यांच्याकडे असतो, त्यांच्या हाती कारभार हळूहळू जातो. आणि त्यांची निवडच झालेली नसल्यामुळे त्यांना जाब विचारण्याचा मार्गही उरत नाही.

मराठी वाचकाला याचे स्मरण करून देणारा 'बारभाईंचा कारभार' हा शब्दप्रयोग आपल्याच भाषेत आहे. आज तो अनेकांच्या हातात पडून विस्कटलेल्या कामाविषयी वापरला जातो. प्रत्यक्ष इतिहास मात्र वेगळा आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर सखारामबापू बोकील, नाना फडणवीस आदी मुत्सद्दी एकत्र आले आणि पुढे तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने त्यांनी राज्याचा कारभार चालविला. राघोबादादांना रोखण्याचे उद्दिष्ट सर्वांसमोर स्पष्ट होते, तोवर बरोबरीच्या माणसांचे हे मंडळ प्रभावी ठरले. कालांतराने सत्ता नाना फडणवीसांच्या एका हाती एकवटत गेली. उद्दिष्ट समान असेल तर बारा जण एकदिलाने चालू शकतात. पण कामाची वाटणी आणि पाळी ठरलेली नसेल तर बरोबरी फार काळ टिकत नाही, असा बोध या इतिहासातून घेता येतो.

तिघी कार्यकर्त्या आणि एक बालक

या विवेचनाचा प्रत्यक्ष जीवनाशी काय संबंध आहे, हे पाहण्यासाठी एका पाड्यावरील दोन वर्षांच्या बालकाचे उदाहरण कल्पून पाहावे. या बालकाच्या आरोग्याची जबाबदारी तीन कार्यकर्त्यांवर असते. अंगणवाडी सेविका दरमहा त्याचे वजन घेते आणि त्याच्या आहाराकडे लक्ष देते. आशा कार्यकर्ती घरोघरी फिरते. जन्मानंतरच्या पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी भेटी देण्यापासून तिचे काम सुरू झालेले असते. आरोग्यसेविका लसीकरण व तपासणी करते. या तिघींत आशेला आरोग्यसेविकेचे मार्गदर्शन असते. परंतु अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची, तर उरलेल्या दोघी आरोग्य यंत्रणेच्या. तिघींना एकत्र हुकूम देईल असा अधिकारी पाड्यावर नसतो. म्हणजेच हा बरोबरीचा गट होय.

समजा, या बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला. हे तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. अंगणवाडी सेविकेने ते नोंदवहीत लिहिले. आता आईला समजावणे, ग्राम बाल विकास केंद्रात मुलाला दाखल करणे, त्याला ताप किंवा जुलाब असल्यास मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात अथवा जव्हारच्या उपजिल्हा रुग्णालयात नेणे, ही कामे पुढे उभी राहतात. प्रत्येकीला वाटते की हे दुसरीने केले असेल. तेवढ्यात दिवाळी उलटते आणि आई-बाप त्या मुलाला घेऊन भिवंडी किंवा वसई भागातील वीटभट्टीवर निघून जातात. तिन्ही नोंदवह्या आपापल्या जागी बिनचूक असतात. मूल मात्र तिन्ही नोंदवह्यांच्या बाहेर गेलेले असते.

येथे कोणाचाही आळस नाही, कोणाची कुचराईही नाही. उणीव आहे ती एका छोट्या प्रश्नाची, जो त्या तिघींनी आपसात विचारावयास हवा होता: या मुलापुरते पुढे कोण होणार? तिघींनी महिन्यातून एकदा एकत्र बसून धोक्यातील प्रत्येक बालकाचे नाव वाचले आणि प्रत्येक नावासमोर तिघींपैकी एकीचे नाव लिहिले, तर चित्र पालटू शकते. जिच्या नावावर ते मूल आहे, ती इतर दोघींची साहेब होत नाही. पण त्या मुलासंबंधी इतर दोघींना हाक मारण्याचा आणि त्यांच्याकडून उत्तर घेण्याचा अधिकार तिला सर्वांच्या संमतीने मिळतो. कुटुंब कोणत्या गावी आणि कोणत्या भट्टीवर चालले आहे, हे निघण्यापूर्वी विचारून तेथील कार्यकर्तीला कळविणे, हेही तिचेच काम ठरते. धवलेरीला मांडवापुरता जो अधिकार असतो, तसाच हा अधिकार आहे. गरोदर व स्तनदा मातांसाठी अनुसूचित क्षेत्रात २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. धान्य आणि पैसा उपलब्ध असूनही ताट वेळेवर वाढले जाण्यासाठी, आज कोण पाहणार आहे हे नावानिशी ठाऊक असावे लागते.

बचत गटाची वही आणि पेटीची किल्ली

स्वयंसहाय्यता गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ साली सुरू केला. महाराष्ट्रात राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, अर्थात 'उमेद'ने, २०११ पासून या कार्याला पुढे नेले. सर्वसाधारणपणे १० ते २० महिलांचा हा गट असतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नोंदी अद्ययावत ठेवणे ही त्याची पंचसूत्री आहे. अध्यक्षा आणि सचिव गटातूनच निवडल्या जातात आणि त्यांना इतर सभासदांपेक्षा अधिक मत नसते.

प्रत्यक्षात गटात एखादीच सभासद लिहितावाचता येणारी असते. स्वाभाविकच वही तिच्याकडे जाते, पासबुक तिच्याकडे राहते, बँकेत तीच जाते आणि साहेबांशीही तीच बोलते. ती प्रामाणिक असते आणि कष्टही घेते. तरीही वर्ष-दोन वर्षांत इतर बायांना आपल्याच बचतीचा आकडा सांगता येत नाही, अशी अवस्था येऊ शकते. कोणी विचारलेच तर तो अविश्वास समजला जाईल, या संकोचाने त्या गप्प राहतात. पुढे ती सभासद आजारी पडली, सासर बदलले किंवा कुटुंबाबरोबर कामाला बाहेरगावी गेली की गटाची बैठक थांबते. बरोबरीच्या गटात दृष्टीआड वाढलेल्या नेतृत्वाचे हे रूप होय आणि त्यात त्या सभासदाचा दोष नसतो.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. प्रत्येक बैठकीच्या आरंभी शिल्लक रक्कम आणि प्रत्येकीची बचत मोठ्याने वाचून दाखवावी. पैसे एकीने मोजावेत आणि दुसरीने लिहावेत. पेटी एका घरी ठेवली तर किल्ली दुसऱ्या घरी असावी. बँकेत दर वेळी वेगळी सोबतीण न्यावी, म्हणजे वर्षभरात सर्वांनाच तेथील व्यवहार परिचयाचा होतो. बैठक चालविण्याचा मान पाळीपाळीने द्यावा. प्रथम काही जणी लाजतील, चुकतील, बैठकीला थोडा अधिक वेळ लागेल. परंतु दहा जणींना बैठक चालविता येणे हीच गटाची खरी ठेव आहे. ती बँकेच्या पासबुकात दिसत नसली तरी अडचणीच्या वेळी उपयोगी पडते.

मेंढा (लेखा) येथील धडा

ग्रामसभेसारख्या मोठ्या गटात हे सूत्र चालेल काय, अशी शंका येणे साहजिक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने तिचे उत्तर दिले आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर परिचित आहे. येथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. विषयाची माहिती मिळविण्यासाठी आणि सर्व बाजूंनी चर्चा करण्यासाठी अभ्यासगट बसतो, तर निर्णय ग्रामसभा घेते. देवाजी तोफा यांच्यासारखे समर्थ कार्यकर्ते गावात असूनही निर्णयाचे स्थान ग्रामसभाच राहिले. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मान्य झाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समर्थ व्यक्ती आणि समर्थ ग्रामसभा यांत विरोध नाही, मात्र व्यक्तीचे सामर्थ्य माहिती देण्यासाठी आणि प्रश्न उभे करण्यासाठी वापरले गेले पाहिजे. दुसरी, विचार करण्याची जागा आणि निर्णय घेण्याची जागा वेगवेगळ्या ठेवल्याने अभ्यासू मंडळींचा प्रभाव राहतो, पण वर्चस्व निर्माण होत नाही. आचार्य विनोबा भावे यांनी एका पुढाऱ्याच्या नेतृत्वाऐवजी 'गणसेवकत्व' ही कल्पना मांडली होती, तिचे हे एक व्यवहारातील रूप मानता येईल.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जंगल, कुरणे, मासेमारीची ठिकाणे आणि कालवे यांसारखी सामाईक संपत्ती लोकांनी स्वतः कशी सांभाळली, याचा अभ्यास त्यांनी अनेक देशांत केला. ज्यांना नियम पाळावयाचे आहेत त्यांचा नियम करण्यात सहभाग असणे, देखरेख करणारे लोकांना जबाबदार असणे आणि नियम मोडणाऱ्यास प्रथम सौम्य व नंतर वाढती शिक्षा असणे, ही यशस्वी व्यवस्थांची लक्षणे त्यांना आढळली. ज्या पाड्याला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तेथील जंगलराखणीच्या पाळ्या ठरविताना ही लक्षणे उपयुक्त ठरतील. पाळीचा फलक सर्वांना दिसेल अशा जागी लावावा आणि पाळी चुकविणाऱ्यास, मग तो सरपंचांचा नातलग असला तरी, ग्रामसभेतच विचारणा व्हावी.

तातडीच्या प्रसंगी काय करावे

सर्वसहमतीला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. मध्यरात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, शेतात सर्पदंश झाला किंवा ओढ्याला पूर आला, तर सभा बोलाविण्यास अवसर नसतो. अशा प्रसंगी एकाचाच शब्द चालला पाहिजे. मात्र तो कोणाचा, हे संकट येण्यापूर्वी शांतपणे ठरविता येते. १०८ क्रमांकावर दूरध्वनी कोणी करावा, रस्त्यापर्यंत झोळी कोणी न्यावी, घरी राहिलेल्या मुलांकडे कोणी पाहावे आणि ठरलेली व्यक्ती गावात नसेल तर तिच्या जागी कोण, याची यादी ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वी करून ठेवावी. संकटकाळी दिलेला अधिकार संकटाबरोबर संपतो आणि पुढील सभेत काय झाले याचा वृत्तांत सांगितला जातो, एवढे पथ्य पाळले की बरोबरीला बाध येत नाही.

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य

या सर्व व्यवहारात बाहेरून आलेल्या सुशिक्षित माणसाचे स्थान नाजूक असते. ग्रामसभेत अधिकारी खुर्चीवर आणि ग्रामस्थ जमिनीवर बसले की बरोबरीची सभा आपोआप उतरंडीची होते. अधिकाऱ्याने आधी आपले मत सांगितले तर पुढील चर्चा त्या मताभोवतीच फिरते. म्हणून माहिती प्रथम द्यावी, आपले मत मात्र विचारल्यास आणि शेवटी द्यावे, ही पद्धत श्रेयस्कर होय.

शिक्षकांकडून होण्याजोगे कार्य याहूनही मोलाचे आहे. ठराव प्रमाण मराठीत लिहिले जातात, तर पाड्यावर वारली, कोकणा किंवा ठाकरी बोली बोलली जाते. ठराव लिहून झाल्यावर तो बोलीत समजावून सांगितला आणि 'असेच ठरले ना?' असे सभेला विचारले, तर न कळलेल्या कागदावर अंगठा उठविण्याची वेळ कोणावर येणार नाही. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे वाचन करू दिल्यास उद्याचे सभासदही घडत जातील.

पंचायत सदस्यांनी, विशेषतः सरपंचांनी, सभेतील मौनाकडे लक्ष द्यावे. कोण बोलले याची नोंद इतिवृत्तात होते. कोण बोलले नाही याची होत नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद याच हेतूने आहे. तेथे ठरलेला विषय ग्रामसभेत एका स्त्रीनेच मांडावा, असा आग्रह धरणे उपयुक्त ठरेल. कातकऱ्यांसारख्या संख्येने थोड्या आणि वस्तीने दूर असलेल्या कुटुंबांना सभेची वेळ निराळा निरोप पाठवून कळविली पाहिजे. पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर अधिक भर दिल्याचे त्यात दिसून आले. पुढे कोण होते यावर गावाचा पैसा कोठे जातो हे अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. हंडा डोक्यावर घेऊन उन्हाळ्यात मैलभर चालणाऱ्या स्त्रीने सभेत तोंड उघडले, तर निधीची दिशा बदलते.

गैरहजेरीची कसोटी

बरोबरीच्या गटाचे नेतृत्व चांगले की वाईट, हे ओळखावे कसे? सभेची उपस्थिती, ठरावांची संख्या, खर्ची पडलेला निधी ही मोजमापे आवश्यक आहेत, पण अपुरी आहेत. आयोवा येथील प्रयोगाने सुचविलेली कसोटी अधिक खरी आहे: प्रमुख समोर नसताना काम चालू राहते काय?

जव्हार-मोखाड्यात ही कसोटी दरवर्षी आपोआप लागते. पीक घरात येऊन दिवाळी सरली की अनेक पाड्यांवरील घरांना कुलपे लागतात. माणसे होळीच्या सणाला चार दिवस गावी येऊन जातात आणि कायमची परततात ती पावसाच्या तोंडावर. या काळात समितीचा अध्यक्ष वीटभट्टीवर असतो, गटाची सचिव बांधकामाच्या ठिकाणी असते आणि पाड्यावर म्हातारी माणसे, काही मुले आणि थोडी कुटुंबे उरतात. पाणीटंचाई याच काळात तीव्र होते, वणवे याच काळात लागतात आणि पुढील वर्षाच्या कामांचे नियोजनही याच सुमारास होते. ज्या पाड्यावर सारे पुढारपण एका माणसात साठले आहे, तो पाडा वर्षातील सहा-सात महिने पुढारपणावाचून राहतो.

म्हणून दिवाळीपूर्वीची ग्रामसभा ही केवळ वार्षिक उपचार न राहता जबाबदाऱ्या सोपविण्याची सभा व्हावी. समितीची कागदपत्रे, गटाची वही, पेटीची किल्ली, धोक्यातील बालकांची यादी आणि हातपंपाच्या दुरुस्तीसाठी संपर्क साधण्याचे काम गावात राहणाऱ्या कोणाकडे जाणार, हे त्या सभेत नावानिशी ठरावे. पावसाळ्याच्या आरंभीच्या सभेत त्या व्यक्तींनी मधल्या काळाचा हिशेब सर्वांसमोर मांडावा. गावात राहणाऱ्यांत वृद्ध स्त्रिया अधिक असतील, तर त्यांच्याकडे जबाबदारी देण्यास कचरू नये. सुईण आणि धवलेरी यांना मान देणाऱ्या समाजाला ते जड जाणार नाही.

अशी अदलाबदल दोन-तीन वर्षे नियमाने झाली, तर प्रत्येक पाड्यावर सभा बोलविता येणारी, हिशेब वाचता येणारी आणि कार्यालयात जाऊन प्रश्न विचारता येणारी दहा-वीस माणसे तयार होतील. त्यांपैकी कोणी भट्टीवर गेले, कोणी आजारी पडले, कोणी निवडणुकीत हरले, तरी कुपोषित बालकाच्या दंडाचा घेर त्या महिन्यात मोजला जाईल आणि तो कमी भरल्यास पुढे कोणी जावयाचे हे त्या पाड्याला ठाऊक असेल.